किल्लीदारांचा आवाज

कुणी पासवर्ड टाइप करायला लागलं की किल्लीदार भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. नुसती मान वळवायचे नाहीत हं, अख्खा माणूस वळायचा. ऑफिसात तर वळायचेच, पण बँकेच्या रांगेतही वळायचे, आणि रिक्षात शेजारच्या बाईनं मोबाइल उघडायला घेतला तरी हे बाहेरच्या ट्रॅफिककडे तोंड करून बसायचे. मी मुलाखतीला गेले तेव्हा त्यांनी मला एक मशीन दिलं, "तुझो नवीन पासवर्ड टाक" म्हणाले आणि कॅलेंडरकडे तोंड करून उभे राहिले. मी टाकला, पण टाकला म्हणून सांगायचं असतं हे मला काय ठाऊक? मी आपली गप्प बसून त्यांच्या पाठीकडे बघतेय. मला वाटलं, झालं, ह्या माणसाला मी पसंत नाही, आता हा वळायचाच नाही. शेवटी कॅलेंडरलाच उद्देशून ते म्हणाले, "टाकलंस की नाय गो? माझी पाठ दुखाक लागली."

आमचा गाळा अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीत, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. खाली पुठ्ठ्याचे खोके बनवणारा कारखाना होता. त्यांचं मशीन सुरू झालं की आमच्या टेबलावरचा चहा थरथरायचा. आम्ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहायचो, हातात मावणाऱ्या यंत्रांसाठी. घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविका ज्यात पेशंटची माहिती भरतात, ती यंत्रं. ऑपरेटिंग सिस्टीमच्या सगळ्यात आतल्या भागाला कर्नल म्हणतात. बाकीचे प्रोग्राम त्याच्याकडे अर्ज करतात आणि तो कामं उरकून देतो. आमच्याकडे काय व्हायचं, ज्याला माहिती कुलूपबंद करायची असेल तो आपल्या प्रोग्राममध्ये आपलंच एक कुलूप घडवायचा आणि किल्ली तिथेच कुठेतरी टाकून द्यायचा. दहा जणांची दहा कुलपं, त्यातली सात हेअरपिननं उघडतील अशी. किल्लीदारांनी ठरवलं की हे बंद. कुलूप लावणं, उघडणं, सही खरी की खोटी ते तपासणं, सगळं कर्नलच्या आत एकाच ठिकाणी होणार आणि किल्ली कर्नलच्या बाहेर पाऊल टाकणार नाही. ह्या सगळ्या व्यवस्थेला आम्ही फ्रेमवर्क म्हणायचो. ती उभी करायला टीम होती, म्हणजे ते आणि मी. बस.

ते फ्रेमवर्क जसजसं उभं राहिलं तसतशी माणसं येऊन त्यांच्याशी भांडायला लागली. "मला फक्त किल्ली द्या ना, बाकीचं मी बघतो," असं जो तो म्हणायचा. किल्लीदारांचं उत्तर ठरलेलं. "तुका किल्ली कित्याक होई? काम काय ता सांग." एकदा खुद्द कंपनीचे मालक आले. गिऱ्हाईक समोर बसलंय, काहीतरी दाखवायचंय, घाई आहे. त्यांनाही हेच ऐकवलं, फक्त 'तुका'च्या जागी 'तुमका'. मालक आधी लाल झाले, मग हसले, आणि जाताना म्हणाले, "हा माणूस नाही, किल्लीदार आहे." तेव्हापासून ते नाव पडलं. तोंडावर आम्ही त्यांना काकाच म्हणायचो.

मला ते पहिले सहा महिने अजिबात आवडले नाहीत. आता सांगून टाकते. कारण त्यांची एक पद्धत होती. तुम्ही लिहिलेला कोड ते वाचायचे नाहीत, तुम्हाला वाचायला लावायचे. उभं राहून, मोठ्यांदा, ओळ न् ओळ, आणि तीही मराठीत. म्हणजे "इथे किल्ली घेतली, इथे तिची लांबी तपासली, लांबी कमी असेल तर इथून परत फिरलो." शाळेत धडा वाचतात ना, तस्सं. मी इंजिनियर झालेली बाई, मानखुर्दच्या आमच्या अख्ख्या चाळीत पहिली, आणि मला हे उभं करून धडा वाचायला लावतायत! ते डोळे मिटून ऐकत बसायचे. मी कुठे अडखळले की हात वर करायचे. "थंयच बघ. जीभ अडाकली तर थंय कायतरी असा." आणि असायचं हो! दहातल्या नऊ वेळा चूक तिथेच असायची. सातव्या महिन्यात मी घरी स्वतःच आरशासमोर वाचून बघायला लागले.

ते मूळचे कुडाळकडचे. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर घर मुलुंडला हललं. पण मुलुंडला तीसएक वर्षं काढूनही किल्लीदारांच्या तोंडातली मालवणी काही हलली नाही. आम्ही घाटावरचे, साताऱ्याच्या बाजूचे, त्यामुळे मला मासे कळत नाहीत हे त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. दर शुक्रवारी डब्यात बांगड्याची एक तुकडी जास्त यायची. ती माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवून म्हणायचे, "खा. शिक कायतरी." ती तुकडी काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आठवणीनं घालायच्या हे मला फार उशिरा कळलं. मी काकांनाच ते श्रेय देत राहिले आणि त्यांनी मुकाट घेतलं.

किल्ली वापरली की पुसायची, हा त्यांचा दुसरा हट्ट. मशीनच्या मेमरीत ती जिथे क्षणभर ठेवली असेल ती जागा शून्यांनी भरून टाकायची, म्हणजे मागाहून कुणी डोकावलं तरी काही सापडू नये. मी इमानेइतबारे पुसायची. एक दिवस त्यांनी तपासलं तर किल्ली तिथेच, जशीच्या तशी! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तीन दिवस आम्ही शोधत होतो. मी पंचवीस वेळा वाचून दाखवलं, एकदाही अडखळले नाही. शेवटी त्यांनीच शोधलं. आपण लिहिलेलं मशीनच्या भाषेत बदलून देणारा जो कंपायलर असतो, तो जरा अतिशहाणा. त्यानं पाहिलं की ही जागा पुढे कुणी वाचतच नाही, मग पुसायची कशाला? आणि माझी ओळ गुपचूप गाळून टाकली. मी रडायच्या बेतात होते. किल्लीदार म्हणाले, "तुझी चूक नाय गो, वैशाले. तू पुसलंस. मधल्या माणसान पुसलंय म्हणून खोटा सांगितल्यान." मग त्यांनी त्या कंपायलरला मालवणीत ज्या शिव्या घातल्या, त्या मी इथे लिहिणार नाही.

आता ती गोष्ट सांगते जी सांगायला म्हणून मी लिहायला बसले.

एका आरोग्यसेविकेची पिशवी एसटी स्टँडवर चोरीला गेली, त्यात आमचं यंत्र होतं. आतलं काही बाहेर गेलं नाही, कुलूप घट्ट होतं. पण माझ्या डोक्यातून ते जाईना. त्यात गावातल्या बायकांची नावं होती. कुणाला कसला आजार, कुणाचं मूल पडलं, कुणी पाडून घेतलं. मी म्हटलं, काका, तीन वेळा पासवर्ड चुकला की सगळं संपवून टाकायचं. किल्लीचे दोन भाग करायचे. एक माणसाच्या डोक्यात, पासवर्ड म्हणून, आणि दुसरा यंत्रातल्या एका बारक्या चिपमध्ये. दोन्ही जुळले तरच उघडेल. आणि तीन चुका झाल्या की चिपनं आपला भाग कायमचा पुसायचा. मग चोर काय, देव आला तरी उघडता कामा नये.

ते नाही म्हणाले. सरळ नाही. "माणूस चुकता गो. चुकलो तर त्याका थांबव. एक मिनिट थांबव, एक तास थांबव. पण पुसू नको. पुसलेला परत येणा नाय." मी इरेला पेटले. म्हटलं, चोराकडे वेळच वेळ असतो काका, तो वर्षभर थांबेल. त्या बायकांना कुणी विचारलं होतं का, तुमची नावं ह्या डब्यात भरू का म्हणून? तेव्हा मी त्यांच्याशी चक्क दोन दिवस बोलले नाही. वयानं माझ्या बापाएवढा माणूस, पण मी तोंड फिरवून बसायची. शुक्रवारची तुकडी तेवढी खाल्ली, तेही रागानं.

सोमवारी ते माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "तुझा बरोबर असा. पण तीन नको. दहा." मी म्हटलं, दहा कशाला? तर म्हणाले, "पहिले पाच घाईत जातत. फुडचे तीन रागात. रवलेल्या दोनांत माणूस विचार करता." दहा तर दहा. ती ओळ मी माझ्या हातानं लिहिली. वाचून दाखवली, अडखळले नाही. त्या दिवशी मी एवढी खूश होते की घरी जाऊन पप्पांनाही सगळं समजावलं. त्यांना काही कळलं नाही, पण ते दोनदा "झकास, झकास" म्हणाले.

आणि किल्लीदारांचा तिसरा हट्ट असा, की जे गिऱ्हाइकाला द्यायचं ते आधी स्वतःच्या घरी लावायचं. "आपल्या दाराक लावलेला नाय ता कुलूप दुसऱ्याक इकूचा नाय," हे ते अगदी मनापासून म्हणायचे. आमची ऑपरेटिंग सिस्टीम त्यांच्या घरच्या लॅपटॉपवर सगळ्यात आधी चढायची. दहा चुकांचा नियमही तिथेच पहिल्यांदा चढला. मी एकदा विचारलं होतं, "काका, पासवर्ड कुठे लिहून ठेवलाय का? निदान काकूंपाशी?" त्यांनी कपाळावर बोट ठोकलं. "हंय असा. हंयसून कोण चोरतलो?" मी हसले. त्या वेळी मला ते फार भारी वाटलं होतं. मी त्यांच्या हाताखाली तयार झालेली. माझ्याही डोक्यात आलं नाही की चोरी सोडून दुसरंही काही होऊ शकतं. जगातल्या कुठल्याही शहाण्या बाईनं तो पासवर्ड डायरीत लिहून घेतला असता. आम्हा दोघांना ते सुचलं नाही, कारण आम्ही त्यातले तज्ज्ञ होतो.

त्या लॅपटॉपवर काय होतं ते मी एका रविवारी पाहिलं, म्हणजे ऐकलं. मुलुंडला त्यांच्याकडे जेवायला गेले होते. काकूंनी दार उघडलं, आणि मी काका कुठायत विचारलं तर म्हणाल्या, "कपाटात." मला वाटलं गंमत करतायत. तर खरंच आतल्या खोलीत काकूंच्या साड्यांच्या कपाटात डोकं घालून, दार अर्धं ओढून घेऊन किल्लीदार बसलेले, आणि आतून भुताची गोष्ट ऐकू येतेय! गावाची राखण करणारा देवचार कसा माडाएवढा उंच झाला आणि त्यानं वाट चुकलेल्या माणसाला घरापर्यंत कसं सोडलं. साड्यांत आवाज घुमत नाही, रस्त्यावरचे हॉर्न येत नाहीत, म्हणून रेकॉर्डिंग कपाटात. त्यांची मुलगी सायली लहान असताना ते घरी पोचेपर्यंत ती झोपलेली असायची. म्हणून रविवारी आठवड्याभराच्या गोष्टी भरून ठेवायचे आणि काकू रोज एक लावायच्या, तेव्हा घरच्या मशीनला कुलूप नव्हतं. सायली मोठी झाली, पुण्याला नोकरीला लागली, तरी ह्यांचं कपाट सुटलं नाही. काकू म्हणाल्या, "माझी पैठणी भूत दिसलं तर घाबरायची नाही, सगळी ओळखीची आहेत तिच्या." किल्लीदार घामाघूम बाहेर आले आणि मला बघून असे लाजले की बास!

फोनवर मात्र ते कधी आवाजी निरोप पाठवायचे नाहीत. व्हिडिओत यायचे नाहीत. कुणी मोबाइल रोखला की हात आडवा. आवाज ही माणसाची सही आहे, ती अशी वाटत फिरायची नसते, हे त्यांचं म्हणणं. लग्नाची कॅसेट होती, ती पुरात गेली. म्हणजे ह्या माणसाचा आवाज साऱ्या जगात एकाच ठिकाणी साठवलेला होता. बॅकअप होता म्हणा. तोही त्याच किल्लीचा.

मागच्या वर्षी एका सकाळी ऑफिसला निघताना बुटाची नाडी बांधता बांधता ते बाजूला कलंडले. मेंदूत रक्ताची गाठ. जीव वाचला. उजवा हात गेला, उजवा पाय थोडा आला, आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळतं सगळं, पण शब्द बाहेर येत नाहीत. एकच शब्द शिल्लक राहिला होता, 'बरा'. पाणी हवं का? बरा. दुखतंय का? बरा. मी पहिल्यांदा भेटायला गेले तर माझ्याकडे बघून कितीतरी वेळ "बरा, बरा, बरा" म्हणत राहिले, रागावून, चढ्या आवाजात, जसं काही मी कोड चुकीचा वाचतेय. काहीतरी सांगत होते. मला शेवटपर्यंत कळलं नाही काय ते. मी नुसती मान हलवत बसले आणि जिन्यात येऊन रडले.

वाचा परत शिकवायला एक बाई घरी यायच्या. त्यांनी विचारलं, ह्यांच्या स्वतःच्या आवाजातलं काही आहे का? पाठ असलेलं, हजारदा म्हटलेलं. अशा माणसांना नवं वाक्य जमत नाही, पण मुरलेलं कधी कधी आवाजाच्या मागोमाग बाहेर येतं. आपलाच आवाज ऐकून जीभ वळते. काकूंचा चेहरा फुलला असणार. "आहे की! ढीगभर आहे!" असं त्या म्हणाल्या, आणि त्याच दुपारी लॅपटॉप घेऊन बसल्या.

मला त्यांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "वैशाली, तुमचं हे मशीन मला म्हणतंय चार शिल्लक. चार म्हणजे काय गं?"

मी बॅग उचलली. म्हटलं, काकू, हात लावू नका. बंद करा. मी येते. त्यांनी सहा वेळा टाकून पाहिलं होतं. सायलीचं नाव, ग्रामदेवतेचं नाव, लग्नाची तारीख, घराचा नंबर, दोनदा काय टाकलं ते त्यांना आठवतही नव्हतं. मी रिक्षात बसून मुलुंडला पोचेपर्यंत मनात एकच चाललं होतं, की मी तीनवर अडले असते तर हा फोनसुद्धा आला नसता, सगळं केव्हाच संपलं असतं. ह्याचं समाधान मानायचं की काय करायचं, हे मला आजही कळलेलं नाही.

सायली पुण्याहून आली. पासवर्ड शब्दाचा नसतो, वाक्याचा असतो, हे किल्लीदारांनी आम्हा दोघींनाही शिकवलेलं. तोंडात बसलेलं वाक्य घे, म्हणायचे. सायलीला खात्री होती. प्रत्येक गोष्टीची सुरुवात ते एकाच वाक्यानं करायचे, 'ऐक गो माझ्या बाय'. तिनं टाकलं. चूक. तीन शिल्लक. आता ते वाक्यच चुकीचं होतं की मालवणी इंग्रजी अक्षरांत लिहिताना कुठे एखादं अक्षर कमीजास्त झालं, हे सांगणार कोण? सांगू शकणारा माणूस समोरच्या खुर्चीत बसला होता आणि "बरा" म्हणत होता. आम्ही त्यांना विचारलं, काका, हेच आहे का, हो असेल तर डोळे मिटा. त्यांनी मिटले. मग विचारलं, हे नाही का? तरीही मिटले.

मग मी दोन दिवस विचार करून एक टाकलं. त्यांचं ते किल्ली कित्याक होई. मला वाटलं होतं हेच असणार, दुसरं असूच शकत नाही. एवढी वर्षं शेजारी बसले, तेवढं तरी मला माहीत असायला हवं होतं की नाही? चूक. दोन शिल्लक.

वाचावाल्या बाईच म्हणाल्या, कधी कधी डोक्याला आठवत नाही ते हाताला आठवतं. त्यांनाच बसवून बघा. आम्ही बसवलं. लॅपटॉप उघडताच किल्लीदारांचा चेहराच बदलला. पाठ ताठ झाली. डावा हात आपोआप जागेवर गेला, आणि देवाशप्पथ सांगते, पहिली चार-पाच अक्षरं त्यांनी अशी झरझर टाकली की सायलीनं माझा दंड आवळला. मग तो हात थांबला. उजव्या हाताची वाट बघत थांबला. उजवा मांडीवर पडलेला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग डाव्याच हातानं चाचपडत एकेक अक्षर शोधायला लागले, चुकले, खोडलं, पुन्हा पहिल्यापासून झरझर, पुन्हा त्याच जागी अडले. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. काकू म्हणाल्या, "राहू द्या हो, दमलात." त्यांनी ऐकलं नाही. शेवटी कसंबसं पुरं केलं आणि स्वतःच बटण दाबलं.

चूक. एक शिल्लक.

"बरा," ते हळूच म्हणाले.

मी तिथेच भोकाड पसरलं. लाज वगैरे काही राहिली नाही. काकूंना म्हटलं, काकू, हा दहाचा नियम माझा आहे. ती ओळ मी लिहिलीय. काका नको म्हणत होते, मी भांडून लिहिलीय. काकूंनी मला पाणी आणून दिलं. म्हणाल्या, "मला माहितीये गं. तेव्हा इथे बसून तुझ्यावर चिडचिड करायचे, पोरगी ऐकूक तयार नाय म्हणून. आणि मग मला म्हणाले, पण पोरगीचा बरोबर असा. आता तुझं बरोबर होतं तर होतं, त्याला तू तरी काय करणार?" त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढ्या शांतपणे बरोबर ठरायची पाळी कुणावर येऊ नये.

त्यानंतर तीन आठवडे मी ऑफिसचं दुसरं काही केलं नाही. आमच्याच कुलपाला कुठे भोक सापडतंय का, ते शोधत बसले. एक फट, एक विसरलेली ओळ, एखादा अतिशहाणा कंपायलर. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कोडमध्ये चूक निघावी म्हणून मी हात जोडले. मीटिंगच्या खोलीत दार लावून अख्खं फ्रेमवर्क मोठ्यांदा वाचून काढलं, त्यांनी लिहिलेलं आणि मी लिहिलेलं, मराठीत, ओळ न् ओळ. जीभ कुठेही अडली नाही. इतकं सुंदर काम होतं ते, सांगते. कुणाला दाखवू? पुढच्या आवृत्तीत मी तो नियम बदलून घेतला. आता आरोग्यसेविका पासवर्ड विसरली तर तिच्या कार्यालयातून तो सोडवता येतो. पण ती आवृत्ती काकांच्या लॅपटॉपवर चढवायची तर आधी तो उघडावा लागतो.

किल्लीदार आता काठी घेऊन गच्चीपर्यंत जातात. 'बरा'च्या जोडीला दोन नवे शब्द आलेत, 'चाय' आणि 'सायले'. गोष्ट नाही. वाचावाल्या बाई आता आठवड्यातून एकदाच येतात. काकूंनी दुसऱ्यांच्या आवाजातल्या मालवणी गोष्टी कुठूनतरी मिळवून लावून पाहिल्या, तर त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं आणि उठून गेले.

मी दर रविवारी जाते. जेवण झालं की काकू लॅपटॉप काढतात, पदरानं पुसतात, चार्जिंगला लावतात. बॅटरी मेली तर आतलंही मरेल, असं त्यांच्या मनानं घेतलंय. तसं नसतं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. मग पडदा उजळतो आणि ती चौकट येते, खाली बारीक अक्षरांत, एक प्रयत्न शिल्लक. काकू विचारतात, "आज टाकून बघायचं का गं?" मी म्हणते, नको काकू. त्यांना ते पटतं. त्या चौकटीकडे थोडा वेळ बघत बसतात, मग झाकण लावतात.

"पण आत आहे ना आवाज?"

"आहे, काकू."